विहिरीच्या तोंडावरील पकड

घरांतील तोटी फिरवितांच पाणी यावें, ह्याची आज आपणां सर्वांस इतकी संवय झाली आहे कीं, तें पाणी किती खोलांतून व किती सांध्यांतून वर येतें ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तोटी कोरडी पडली म्हणजे मात्र सारें घर अस्वस्थ होतें. आजेसासूबाईंच्या देवपूजेपासून मुलांच्या शाळेपर्यंत सर्वच गोष्टी खोळंबतात, आणि मग कोणीतरी म्हणतें, "कोपऱ्यावरच्या हातपंपावरून दोन कळशा आणा." तो हातपंप चालू आहे कीं बंद, हें पुष्कळ घरांस त्याच वेळीं प्रथम कळतें.

ह्या हातपंपाच्या एका लहानशा सोबत्याविषयीं आज आम्ही लिहिणार आहोंत. पंप दुरुस्त करावयास आलेल्या माणसाच्या सामानांत ही वस्तु असते. दिसावयास ती अगदीं सामान्य : लोखंडाचे दोन जबडे, त्यांस सांधणारी एक खीळ आणि एक मूठ. मेकॅनिक तिला क्लॅंप म्हणतो, कोणी व्हाइस म्हणतात. आपण तिला पकड म्हणूं. खोल विहिरींत लोंबणाऱ्या सळया जोडतांना किंवा सोडवितांना त्यांस विहिरीच्या तोंडाशीं धरून ठेवणें, एवढेंच तिचें काम. परंतु सातारा-सांगलीकडील कोरड्या गांवांत एखादा पंप अर्ध्या दिवसांत चालू होतो कीं पंधरवडाभर मुका राहतो, हें पुष्कळ वेळां ह्या वस्तूवर, आणि ती कोणाच्या हातीं आहे ह्यावर ठरतें. म्हणून तिचा परिचय करून घेणें व्यर्थ होणार नाहीं.

डोंगराकडील पाणी व माळावरील पाणी

सांगली जिल्हा हा बहुतांशीं साताऱ्याचाच सहोदर. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व आसपासचीं संस्थानें मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा पुढें ठेविला तर पश्चिमेस सह्याद्रीचा माथा दिसतो व पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ, जत हे अवर्षणाचे तालुके दिसतात. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशें किलोमीटरांच्या आंत, दहिवडी-म्हसवडच्या बाजूस, पांचशें मिलिमीटर पडला तर वर्ष बरें गेलें असें लोक म्हणतात.

त्यांतून जमिनीचा स्वभावही कठीण. महाराष्ट्राचा सुमारें चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. वरचा मुरूम व त्याखालील भेगाळलेला थर पाणी धरून ठेवतो. त्याखालीं काळा फत्तर लागला कीं पाणी केवळ भेगांतून व थरांच्या सांध्यांतून मिळावयाचें. एका शेतांत पाणी लागतें आणि बांधापलीकडे लागत नाहीं, ह्याचें कारण हेंच. पूर्वजांनीं ह्या खडकांत मोठ्या हिंमतीनें विहिरी खणल्या. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणांतील. सुमारें शंभर फूट खोल, आंत पायऱ्या, कमानी आणि वर मोटा चालविण्याची सोय. मोटेचा नाडा हातीं होता, बैल डोळ्यांसमोर होते, आणि नाडा झिजला तर तो कोणासही दिसत असे.

१९७२ च्या दुष्काळानें हें सारें चित्र पालटलें. उघड्या विहिरी तळास गेल्या आणि त्याहून खोल असलेलें पाणी गांठण्यासाठीं विंधनविहिरींचा, म्हणजे बोअरचा, प्रसार झपाट्यानें झाला. बोअर म्हणजे वीतभरहि रुंद नसलेलें एक भोंक. तें मात्र दोनशें-दोनशें फूट खोल. त्यांत मोट जात नाहीं, बादली जात नाहीं, माणूस तर जाऊंच शकत नाहीं. नाड्याच्या जागीं येथें लोखंडी सळई आली, आणि तिची झीज कोणास दिसेनाशी झाली.

सळई कां लागते ?

शाळेंत जाणारीं मुलें येथें विचारतील कीं, वरूनच हवा ओढून घेतली तर पाणी आपोआप वर येणार नाहीं काय ? येईल, पण थोडेंच. पाणी वर ओढलें जात नसतें. वातावरणाचा दाब त्यास खालून वर ढकलीत असतो. सतराव्या शतकांत इटालींतील पंपकारांस हें कोडें पडलें होतें. गॅलिलिओनें त्याचा उल्लेख केला, आणि टॉरिसेलीनें १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीनें तें उलगडलें. समुद्रकांठीं हा दाब पाण्यास सुमारें १०.३ मीटर, म्हणजे चौतीस फुटांपर्यंत ढकलूं शकतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचावर. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या आसपास येते. व्यवहारांत झडपा पूर्ण बसत नाहींत, सांध्यांतून हवा शिरते, आणि सहा-सात मीटरांपलीकडे भरंवसा धरतां येत नाहीं.

ह्यावर उपाय एकच : पाणी पंपाकडे येत नसेल तर पंपानेंच पाण्याकडे जावें. म्हणून खोल विहिरीच्या हातपंपाचें नळकांडें खालीं पाण्यांत बुडविलेलें असतें. त्यांत दट्ट्या असतो. दट्ट्यापासून वरच्या दांड्यापर्यंत सळयांची एक लांब माळ असते, आणि ही माळ ज्यांतून जाते त्या नळानेंच पाणी वर येतें. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या ‘इंडिया मार्क दोन’ पंपाची प्रत्येक सळई तीन मीटर लांब व बारा मिलिमीटर जाड असते. नळकांडें ४५ मीटरांवर बसविलें तर पंधरा सळया एकापुढें एक जोडाव्या लागतात.

आतां ह्या माळेवर भार किती पडतो तो पाहूं. दट्ट्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर. ४५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा त्यावरील भार सुमारें १४० किलो. सळयांचें स्वतःचें वजन सुमारें ४०. असे १८० किलो प्रत्येक खेपेस उचलावे लागतात. दांडा लांब आहे व त्याचें प्रमाण एकास आठ आहे, म्हणून हाताला बावीस-तेवीस किलोच जाणवतात. एका खेपेस ०.४ लिटर पाणी येतें. चाळीस वेळां दांडा मारला कीं पंधरा-सोळा लिटरांची घागर भरते. सरकारी योजनांचा जुना हिशेब असा कीं, अडीचशें माणसांमागें एक पंप व माणशीं रोज चाळीस लिटर पाणी. म्हणजे रोजचें पाणी दहा हजार लिटर आणि दांड्याच्या खेपा पंचवीस हजार. पंधरा सळयांचा प्रत्येक सांधा दिवसांतून पंचवीस हजार वेळां ताणला जातो व सैल होतो. इतकें सोसून तो सांधा एखादे दिवशीं सुटला तर त्यास दोष कसा द्यावा ?

घरचा पंप व गांवाचा पंप

ह्या पंपाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि तो पुष्कळसा महाराष्ट्रांतच घडला. प्रथम जे हातपंप खेडोपाडीं बसविले गेले ते बिडाचे होते. अमेरिका-युरोपांतील शेतावर एका कुटुंबानें वापरावयाच्या पंपांवरून ते बेतलेले होते. दिवसांतून दहा-वीस बादल्या पाणी काढावयाचा पंप जेव्हां सबंध गांवानें पहांटेपासून रात्रीपर्यंत वापरला, तेव्हां त्याची खीळ झिजली, दांडा डुलूं लागला, सळई वांकडी ओढली जाऊन तुटली. १९७४ च्या सुमारास युनिसेफनें केलेल्या पाहणींत चारांपैकीं तीन पंप बंद आढळले. भोंकें पाडण्यांत खर्च झालेला पैसा जमिनींत जिरला, असेंच म्हणावयाचें.

उपाय निघाला तो दुष्काळी मुलुखांतूनच. जालना येथें मिशनच्या कार्यकर्त्यांनीं बिडाऐवजीं पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणारा पंप तयार केला. सोलापूरच्या पंपांत दांड्याच्या टोंकास चापाकृति तुकडा लावून त्यावरून साखळी सोडली. त्यामुळें सळई नेहमीं सरळ रेषेंत वर-खालीं होऊं लागली. सोलापूरच्या ह्याच आराखड्यावरून पुढें इंडिया मार्क दोन तयार झाला. कोइमतूरकडील विहिरींवर त्याची परीक्षा झाली आणि १९७७ च्या सुमारास मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास ह्या कारखान्यांत तो मोठ्या प्रमाणावर निघूं लागला. आज तो आफ्रिका खंडांतहि लक्षावधि लोकांस पाणी देत आहे.

सातारा-सांगलीच्या वाचकांस यंत्र परकें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, व १९२६ पासून तेथें पाणी उपसण्याचे पंप निघूं लागले. साताऱ्यास कूपर ह्यांच्या कारखान्यानें नांगर व इंजिनें केलीं. ओतीव काम, आटे पाडणें, कातकाम हीं ह्या भागांतील कित्येक घरांच्या हाडींमासीं खिळलेलीं आहेत. असें असून त्याच भागांतील एखाद्या वाडीवरचा पंप आठवडेच्या आठवडे बंद कां राहावा ? कारण यंत्र घडविणें निराळें आणि तें गांवच्या हातांनीं उघडतां येईल असें करणें निराळें. पकडीचा संबंध ह्या दुसऱ्या गोष्टीशीं आहे.

पकड काय करते ?

माणदेशांतील एका वाडीवर आम्हीं एक दुरुस्ती आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली. दांडा एकाएकीं हलका लागूं लागला होता व पाणी मुळींच येत नव्हतें. आलेल्या मेकॅनिकनें दांडा दोनदां हलविला आणि सांगितलें, "सळई सुटलीय." मग झांकण निघालें, साखळी सुटली, वरचें डोकें उतरलें. पुढचें काम मात्र पांच माणसांचें होतें. मार्क दोनच्या नळाचा आंतील व्यास छत्तीस मिलिमीटर आणि दट्ट्या त्याहून बराच रुंद. म्हणून दट्ट्या नळांतून वर येऊंच शकत नाहीं. तो काढावयाचा तर नळ, सळया, नळकांडें असा सर्व लोंबता संसारच वर काढावा लागतो. ४५ मीटरांचे पंधरा नळ सुमारें १४० किलोंचे, सळया ४० किलोंच्या, आणि त्यांत भरलेलें पाणी आणखी ४५ किलो.

हा भार एकदम कोणी उचलीत नाहीं. तीन मीटर वर ओढावयाचा, पकडींत धरावयाचा, वरचा तुकडा सोडवून बाजूस ठेवावयाचा, आणि पुन्हां ओढावयाचा. नळासाठीं एक जड पकड असते व सळईसाठीं एक लहान. लहान पकड नळाच्या तोंडावर बसते. तिच्या जबड्यांत सळई सांध्याच्या खालीं धरली कीं खालच्या सर्व सळयांचा भार ती एकटी पेलते. वरच्या दोन माणसांनीं मग दोन पाने लावून सांधा फिरवावयाचा. सांधा घट्ट बसलेला असेल तर पान्यावर जोर द्यावा लागतो, आणि त्या वेळीं सळई स्वतःभोंवतीं फिरूं नये हेंही पकडीनेंच पाहावयाचें.

गृहिणींस ही गोष्ट सांडशीवरून सहज समजेल. सांडशीनें धरलेलें तापलेलें पातेलें हाताच्या जोरावर राहतें. हात थकला कीं तें निसटतें. विहिरीवरची स्वतः आवळणारी पकड ह्याच्या उलट वागते. तिचे जबडे अशा रीतीनें खिळविलेले असतात कीं, खालचा भार त्यांस खालीं ओढूं लागला म्हणजे ते अधिकच जवळ येतात. भार जितका जास्त तितकी पकड घट्ट. माणसाच्या मनगटावर ती विसंबत नाहीं. भार वर उचलला कीं जबडे आपोआप सैल होतात. म्हणजे सोडावयाचें असतांहि प्रथम उचलावें लागतें, आणि चुकून सोडणें जवळजवळ अशक्य होतें.

परंतु जबड्यांचे दांते झिजले, किंवा सळईवर तेल व शेवाळ असलें, तर ह्या पकडीचाहि घात होतो. सळई घसरली तर सर्व माळ पाताळांत जाते. ती काढण्यासाठीं मग गळासारखीं हत्यारें सोडून आंधळेपणें चांचपत बसावें लागतें. कधीं ती सांपडते, कधीं वांकडी अडकून बसते व सबंध बोअर कायमचा निकामी होतो. आम्हीं पाहिलेल्या दुरुस्तींत मेकॅनिकनें पकड लावण्यापूर्वीं प्रत्येक सळई चिंध्यांनीं कोरडी पुसली. ह्या पुसण्यास फार तर अर्धें मिनिट लागे, आणि त्यांत त्यानें एकदांहि कसूर केली नाहीं. सातव्या सळईचे आटे झिजलेले निघाले. नवी सळई घातली, वायसर बदलले, आणि दुपारी तीनच्या आंत पहिली घागर भरली.

जाड नळाचा पंप

नळ न काढतां केवळ सळया काढून दुरुस्ती करतां आली तर किती श्रम वांचतील, हा विचार पुढें सुचणें स्वाभाविकच होतें. १९८० नंतरच्या दशकांत कोइमतूर भागांतील प्रयोगांतून ‘मार्क तीन’ निघाला. त्याचा नळ इतका रुंद केला कीं दट्ट्या व तळची झडप दोन्ही त्याच्या आंतूनच वर काढतां येतात. म्हणजे सव्वादोनशें किलोंच्या ऐवजीं चाळीस किलोंच्या सळयाच काय त्या उचलावयाच्या. जड पकड, मोठे पाने व पांच माणसें ह्यांची जरूर बहुतेक दुरुस्त्यांत उरत नाहीं. लहान पकड, दोन पाने आणि दोन माणसें पुरतात. रुंद नळ अर्थातच महाग पडतो. ज्या खात्यास पंप विकत घ्यावयाचा त्यास ही किंमत डोळ्यांत भरते. पंप बंद पडल्यावर दोन कोस चालावें लागणाऱ्या बाईची किंमत त्याच्या हिशेबाच्या वहींत कोठेंच लिहिलेली नसते.

सर्वांस बसणारी पकड

बाजारांत कमीजास्त करतां येणाऱ्या पकडी मिळतात. एक बोल्ट फिरविला कीं जबडे जवळ वा दूर होतात, आणि निरनिराळ्या जाडीच्या सळया त्यांत बसतात. आपल्याकडे अशा पकडीची गरज कां पडावी ? कारण विहिरींत सळया सगळ्या एका मापाच्या नाहींत. सरकारी पंपाचें माप ठरलेलें आहे. परंतु मळ्यांतील जुना पंप अर्ध्या इंचाच्या सळईचा असतो, आणि मध्येंच कोणी स्थानिक कारखान्यांत सळई करून घातलेली असते.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरांच्या सळईशेजारीं ती ठेविली तर साध्या डोळ्यास फरक कळणार नाहीं, आणि सर्वांस बसणारी पकड दोहोंसही सारख्याच इमानानें धरील. परंतु आट्यांची गोष्ट तशी नाहीं. अर्धा इंची व्हिटवर्थ आट्यांतील अंतर सुमारें २.१ मिलिमीटर, मेट्रिक बारा मिलिमीटरी आट्यांतील १.७५. एकावर दुसरें चढवूं गेलें तर एक-दोन फेरे फिरतात व अडकतात. घाईंत असलेला माणूस पान्यानें जोर करून तें तसेंच आवळतो, आणि सांधा झाला असें समजून सळई खालीं सोडतो. तो सांधा दोनच आट्यांवर लोंबत असतो. पकडीनें आपलें काम चोख केलें. मापांची गफलत मात्र तिच्या उदारपणाखालीं झांकून गेली. आपल्या देशानें मेट्रिक मापें १९५६ च्या कायद्यानें स्वीकारलीं, तरी विहिरीच्या तळाशीं इंच अजून नांदत आहेत. म्हणून सर्वांस बसणारी पकड अवश्य ठेवावी, पण तिच्यामुळें सळईचें माप तपासण्यांत ढिलाई होऊं देऊं नये. नवी सळई हातांनींच शेवटपर्यंत फिरली पाहिजे; पाना केवळ शेवटच्या आवळण्यापुरता.

पाना कोणाच्या हातीं ?

दुरुस्तीची व्यवस्था कशी असावी ह्याविषयीं देशांत दोन-तीन प्रकारचे प्रयोग झाले. तामिळनाडूंत गांवीं एक राखणदार, तालुक्यास एक मेकॅनिक व जिल्ह्यास गाडीसह एक पथक अशी त्रिस्तरी रचना केली गेली. राजस्थानांतील तिलोनिया येथील संस्थेनें गांवच्याच तरुणांस हातपंपाचे मिस्त्री म्हणून तयार केलें. महाराष्ट्रांत हें काम मुख्यत्वें जिल्हा परिषद व पंचायत समिती ह्यांच्या पथकांकडे असतें. पथक येतें तेव्हां काम होतें. परंतु गाडी एक आणि गांवें अनेक, अशा स्थितींत ऐन चैत्र-वैशाखांत सर्वत्र एकदमच हांक गेली म्हणजे शेवटच्या वाडीचा क्रम कधीं लागावा?

उत्तर प्रदेशांतील बांदा जिल्ह्यांत १९९० नंतरच्या दशकांत महिला समाख्या ह्या कार्यक्रमाखालीं बायकांनीं हें काम हातीं घेतलें. त्यांतील पुष्कळजणी दलित समाजांतील व अक्षरओळख नसलेल्या. जड पाने, पकडी, नळ खांद्यावर घेऊन त्या गांवोगांव गेल्या, आणि पंप दुरुस्त करून परतल्या. प्रारंभीं लोकांनीं त्यांची थट्टा केली. पाणी आल्यावर ती थांबली.

ह्या उदाहरणास आपल्या भागांत एक विशेष अर्थ आहे. डॉ. आंबेडकरांचें बाळपण साताऱ्यास गेलें. १९०१ च्या सुमारास वडिलांस भेटण्यासाठीं भावंडांसह कोरेगांवकडे जात असतां त्या लहान मुलांस वाटेंत कोणी पाणी दिलें नाहीं, ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. ज्या समाजानें कांहीं हातांस पाण्याला शिवूं दिलें नाहीं, त्याच समाजास आतां त्याच हातांनीं जोडलेल्या सळयांतून पाणी मिळावें, आणि तें मानानें स्वीकारलें जावें, ह्याहून मोठी शुद्धि कोणती ? आमच्या सुशिक्षित घरांनीं ह्याचा विचार निवांतपणें करावा. दुरुस्तीस आलेल्या बाईस वा पुरुषास आपण कोणत्या भांड्यांत पाणी देतों, हा प्रश्न पंपाशीं अगदींच असंबद्ध नाहीं.

गांवानें आपलें काम आपण करावें हा विचारही ह्या मातीस नवा नाहीं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं १९३९ सालीं आपली सत्ता स्वखुशीनें प्रजेच्या स्वाधीन केली व कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर घातला. आटपाडी, कुंडल हीं गांवें त्याच संस्थानांतलीं. जी गांवें राज्यकारभार चालवूं शकतात असें त्या राजास वाटलें, त्यांस एक पकड, दोन पाने, कांहीं वायसर व दोन जादा सळया जतन करतां येऊं नयेत काय ? ग्रामपंचायतीनें एक लांकडी पेटी करावी, तिची किल्ली पाण्यास जाणाऱ्या बायकांपैकींच दोघींकडे द्यावी, आणि त्या दोघींस एक पंधरवडा शिक्षण द्यावें. मार्क तीन पंपास इतकें बहुधा पुरेल. मार्क दोनसाठीं जड काम पथकानें करावें, पण दुखणें कोणतें हें तरी त्यास आधींच कळेल.

घरच्यांसाठीं चार गोष्टी

दुखणें ओळखणें फारसें कठीण नाहीं. सकाळीं पहिले वीस-पंचवीस दांडे कोरडे गेले व मग पाणी आलें, तर तळची झडप गळते आहे. पाणी येतें पण घागरीस चाळिसाऐवजीं साठ-सत्तर खेपा लागतात, तर वायसर झिजले आहेत, किंवा नळास कोठें भोंक पडलें आहे. दांडा एकाएकीं हलका झाला, तर सळई सुटली वा तुटली. दांडा नेहमींसारखा जड लागतो पण पाणी मधूनच फेंसाळून येतें, तर विहिरीचें पाणी नळकांड्यापर्यंत उतरलें असावें. तेथें मेकॅनिक कांहीं करूं शकत नाहीं. हीं लक्षणें मुलांस शिकवावीं. खेपा मोजण्याचा तर त्यांस खेळच होईल.

ज्यांच्या अंगणांत स्वतःचा बोअर व विजेचा पंप आहे, त्यांनीं एका वहींत बोअरची खोली, नळांची संख्या, नळाचें माप, पंप बसविल्याची तारीख व प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी. एकत्र कुटुंबांत ही माहिती बहुधा एकट्या काकांस किंवा आजोबांस ठाऊक असते, आणि त्यांच्या पश्चात् कोणासच नसते. पंप काढतांना नळ पकडींत धरल्यावांचून सोडवूं देऊं नये. "एवढ्यासाठीं कशाला क्लॅंप, आम्ही हातानें धरतों" असें म्हणणाऱ्यास नम्रपणें थांबवावें. प्रथम वीज तोडावी. काम चालू असतां मुलांस जवळ फिरकूं देऊं नये. काम अर्धें राहिलें तर बोअरच्या तोंडावर बोल्टानें आवळलेलें झांकण बसविल्याखेरीज रात्रीं निजूं नये. उघड्या बोअरमध्यें बालक पडल्याच्या बातम्या २००६ नंतर वारंवार वाचावयास मिळाल्या. सर्वोच्च न्यायालयासही २०१० सालीं ह्याबाबत नियम घालून द्यावे लागले.

आणि शेवटची गोष्ट शेजारधर्माची. आपल्या अंगणांतील बोअर जितका खोल जातो तितकें कोपऱ्यावरच्या हातपंपाचें पाणी खालीं जाण्याचा संभव असतो, कारण खडकांतील भेगा कोणाच्या मालकीची हद्द ओळखीत नाहींत. मार्क दोनची साधारण धांव पन्नास मीटरांपर्यंत. पाणी त्याखालीं उतरलें म्हणजे उत्तम पकड, नव्या सळया व कुशल मिस्त्री हे तिन्ही निरुपयोगी होतात. गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ गांवीं नळयोजना झाल्या हें खरें. तरी वीज गेली, मोटार जळली किंवा उद्भवच आटला म्हणजे लोकांचे पाय पुन्हां हातपंपाकडेच वळतात.

येत्या उन्हाळ्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या आळींतील, वाडीवरील किंवा आजोळच्या गांवांतील एका हातपंपाशीं जाऊन चाळीस खेपा मोजाव्यात. घागर भरली तर उत्तम. न भरली तर ग्रामपंचायतींत जाऊन विचारावें कीं, ह्या पंपाची पकड कोठें आहे, आणि ती कोणास वापरतां येते. ह्या दोन प्रश्नांचें उत्तर जेथें तत्काळ मिळतें, त्या गांवास वैशाखांतहि पाण्याची वाट फार दिवस पाहावी लागत नाहीं.